मोनालच्या पंखावर किती बर्फ

"मॅडम, सही करा. ट्रक गुरुवारी लागणार आहे," मेस्त्री म्हणाले.

मी तेव्हा एका पक्ष्याच्या पंखाखाली उभी होते. हातात टेप, कपाळावर सरकवलेला चष्मा. पक्षी सोळा फूट उंच, फायबरचा. दोन्ही पंख पसरलेले. एकेक पंख अकरा फूट. लालबागच्या त्या शेडमध्ये एका पंखाचं टोक गणपतीच्या साच्यांपर्यंत पोचलं होतं आणि दुसऱ्याचं शटरपर्यंत. रंग अजून लागायचा होता, पण नुसत्या करड्या फायबरमध्येही पक्षी देखणा होता. मान वळवलेली, डोक्यावर तुरा, छाती पुढे.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"पाइप."

"केवढा?"

"दोन इंची. चांगला आहे, वजनदार."

"ड्रॉइंग आहे?"

मेस्त्रींनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. ड्रॉइंग तिथे होतं.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. दादरला माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. इमारत, गच्चीवरची टाकी, होर्डिंग, मांडव, असं काहीही उभं करायचं असलं की ते पडणार नाही असं कुणालातरी लेखी द्यावं लागतं. त्या कागदाला स्टॅबिलिटी सर्टिफिकेट म्हणतात. ते देणं हा माझा निम्मा धंदा. उरलेला निम्मा म्हणजे जुन्या चाळींच्या दुरुस्त्या.

सदानंद मेस्त्री मूर्तिकार. साठीच्या पुढचे. वडील कोकणातून गिरणीत आले, हे गिरणीच्या बाजूच्या कारखान्यात माती मळायला लागले आणि पुढे मोठमोठे गणपती करू लागले. त्यांच्या मूर्तींच्या मांडवांची सर्टिफिकेटं मी गेली बारा-तेरा वर्षं देत होते. मेस्त्रींची मुलगी रूपाली कारखान्याचा व्यवहार बघते. ऑनलाइन टेंडर भरून हे पक्ष्याचं काम तिनेच मिळवलं होतं. गणेशोत्सव संपला की कारखाना चार-पाच महिने रिकामा असतो. त्या काळात काहीतरी काम हवं म्हणून.

"हा जाणार कुठे?" मी विचारलं.

"उत्तराखंडला," रूपाली म्हणाली. "छोटं गाव आहे मॅडम, देवदारांच्या जंगलात. गावात शिरताना चौक आहे, तिथे उभा करायचाय. मोनाल म्हणतात याला. तिकडचा पक्षी आहे, आपल्या मोरासारखा रंगीत. टुरिस्ट लोकांना फोटो काढायला."

"उंचीवर आहे गाव?"

"आठ हजार फुटांच्या आसपास."

मी टेप गुंडाळला. "तिथे बर्फ पडतो?"

रूपालीने फोनवर एक फोटो दाखवला. घरांची छपरं पांढरी, रस्त्याकडेला बर्फाचे ढीग, एक जीप अर्धी गाडलेली. "किती सुंदर ना?" ती म्हणाली.

मी वर पंखाकडे बघितलं. पंख जवळजवळ आडवा होता. एखाद्या फळीसारखा.

इथे मला माझी चूक सांगायला हवी. चार महिन्यांपूर्वी रूपालीने मला फोन केला होता. "मॅडम, फायबरचा मोठा पक्षी करतोय. सर्टिफिकेट द्याल ना?" मी एका चाळीच्या जिन्यात होते, खाली कॉन्ट्रॅक्टर ओरडत होता. मी म्हटलं, "हो देईन, झाला की कळव." कुठे उभा राहणार हे मी विचारलं नाही. एखाद्या मॉलमध्ये असेल असं धरून चालले. तो एक प्रश्न विचारला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"सही आज नाही होणार," मी म्हटलं. "मला हिशेब करावा लागेल."

"मॅडम, त्यांना फक्त कागद हवाय," रूपाली म्हणाली.

"कागदावर नाव माझं असतं ना गं."

 मेस्त्रींनी पंखाच्या टोकाला हात लावून हलकेच दाबलं. पंख हलला नाही. "दोन माणसं बसली तरी काय होणार नाही," ते म्हणाले.

ऑफिसात येऊन मी कागद घेऊन बसले. हिशेब अवघड नव्हता. एका बाजूने घट्ट धरलेली आणि दुसऱ्या बाजूने हवेत असलेली वस्तू, हिला आम्ही कँटिलिव्हर म्हणतो. चाळीची गॅलरी म्हणजे कँटिलिव्हर. टोकाला कितीही माणसं उभी करा, गॅलरी टोकाला मोडत नाही. ती भिंतीपाशी, मुळाशी मोडते. अशा मोडलेल्या गॅलऱ्या मी आयुष्यभर बघत आले आहे. पंखाचंही तेच. सगळा भार खांद्यापाशी येणार.

आता बर्फ. ताजा भुरभुरीत बर्फ हलका असतो. पण तो पडून राहिला, वर आणखी पडला, दुपारी थोडा वितळून रात्री गोठला की दगडासारखा होत जातो. आडव्या पंखावर दोन फूट बसलेला बर्फ धरला, तर एका पंखावर साधारण साडेसहाशे किलो येत होते. आमच्या भाषेत हा स्नो लोड. मुंबईत उभ्या आयुष्यात मला हा आकडा कधी लागला नव्हता. कोडचं, म्हणजे बांधकामाच्या नियमांचं पुस्तक उघडलं तर त्या भागाची पानं एकमेकांना चिकटलेली होती.

दोन इंची पाइप त्याच्या निम्मंही घेणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी लालबागला जाऊन हे सांगितलं. मेस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचा हिशेब कागदावरचा. मी चाळीस वर्षं वीस-वीस फुटी मूर्ती उभ्या केल्यात. एक तरी पडली?"

"नाही पडली."

"मग?"

"त्या मांडवात होत्या, मेस्त्री. वर छप्पर, तिन्ही बाजूंना कापड. ना वारा, ना पाऊस. आणि फार तर अकरा दिवस. हा पक्षी उघड्यावर वीस वर्षं राहणार."

"राहायलाच हवा," ते म्हणाले. त्यांचा आवाज थोडा बदलला. "मॅडम, मी आजवर जे केलं ते सगळं पाण्यात गेलं. त्याचं दुःख नाही, ते जायलाच हवं, देवाचं काम आहे. पण माझा नातू विचारतो, आजोबा, तुम्ही केलेलं दाखवा. मी मोबाइलमधले फोटो दाखवतो. हे एक उभं राहील म्हणून घेतलं मी. पोरगी नको म्हणत होती, बर्फातलं काम आहे, लांबचं आहे. मी म्हटलं, भर टेंडर."

रूपाली खाली बघत होती.

 मी इंजिनिअरला सुचतं तेच बोलले. "आपण लोड टेस्ट घेऊ. कागदाचं राहू दे. पंखावर खरंच वजन ठेवू. टिकला तर मी इथेच सही करते."

लोड टेस्ट म्हणजे पुढे जो भार येणार तो आधीच ठेवून बघायचा. रूपाली दचकली. "आणि तुटला तर? मॅडम, गुरुवारी ट्रक आहे."

मेस्त्रींनी तिला हाताने थांबवलं. "गप ऱ्हव गो. ठेवू देत."

दुसऱ्या सकाळी दहाला आम्ही सुरुवात केली. पंखाच्या खाली एक वीत अंतर सोडून लाकडी टेकू लावले, म्हणजे पंख तुटलाच तर टेकूवर बसेल, कुणाच्या अंगावर येणार नाही. बाजूला परांची बांधली. पंचवीस किलोच्या वाळूच्या सव्वीस गोण्या मागवल्या, म्हणजे साडेसहाशे किलो. कारखान्यातल्या दोघांनी एकेक गोणी वर चढवून पंखावर सारख्या अंतराने मांडायची आणि मी दर गोणीनंतर टोक किती खाली आलं ते पट्टीवर मोजायचं.

पहिल्या चार गोण्यांना पंख जेमतेम बोटभर खाली आला. मेस्त्री स्टुलावर बसले होते. मांडीवर हात, चेहरा निर्विकार. सहाव्या गोणीला म्हणाले, "बघा. दोन माणसं झाली." खरं होतं. दीडशे किलो. पंख चार बोटं खाली होता, पण धड होता.

सातवी. आठवी.

नववी गोणी ठेवली आणि खांद्यातून टक्क असा आवाज आला. मोठा नाही, जाड काडी मोडावी तेवढा. मग पंख हळूहळू खाली आला आणि टेकूवर विसावला. खांद्याच्या वरच्या बाजूला फायबरला एक भेग पडली होती, मानेपासून पाठीपर्यंत.

वर उभ्या असलेल्या दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "उतरवा." अजून सतरा गोण्या खाली तशाच पडून होत्या.

मेस्त्री उठले, भेगेपाशी गेले, तिच्यावरून बोट फिरवलं. "इथून मोडला," ते म्हणाले. जणू मला माहीत नव्हतं. मग हात धुऊन बाहेर गेले. अर्ध्या तासाने परत आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "पाइप जाड टाकला तर?"

तो हिशेब मी रात्रीच करून ठेवला होता. पाइप जाड टाकायचा तर खांदा दुप्पट फुगवावा लागणार. पक्षी पैलवान दिसेल. शिवाय पंखांवर एवढं वजन आलं आणि वारा सुटला की पक्षी मुळातूनच कलंडायला बघेल. त्याला मोठा पाया हवा. पाया तर तिकडे आधीच भरून झाला होता. थंडी पडण्याआधी त्यांनी मेस्त्रींच्या स्केचवरून काँक्रीट घातलं होतं आणि त्यात आठ बोल्ट रोवून ठेवले होते. आता तिकडची जमीन गोठलेली. एप्रिलपर्यंत मोठं खोदकाम शक्य नव्हतं.

"म्हणजे पंखच नकोत," मेस्त्री म्हणाले.

"पसरलेले नकोत."

"मग राहिलं काय?"

 मी गिऱ्हाइकाला फोन लावला.

त्या गावच्या नगर पंचायतीचे अधिकारी नेगी म्हणून होते. मी त्यांना सगळं सांगितलं. टेस्ट घेतली, पंख मोडला, या आकाराला मी सही देणार नाही.  

"मॅडम, मैं आता हूँ," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी ते शेडच्या दारात उभे होते. चाळिशीचे, सडपातळ, अंगात हाताने विणलेला स्वेटर. फेब्रुवारीतल्या मुंबईत घामाने निथळत होते, पण स्वेटर काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. हातात राजम्याची पिशवी, रूपालीच्या घरासाठी.

मला वाटलं होतं, आल्या आल्या भांडण होईल. त्यांनी भेग बघितली, मान हलवली आणि खिशातून घडी घातलेलं एक रंगीत पत्रक काढून माझ्या हातात दिलं. गावातली प्रेक्षणीय स्थळं. पहिला, साखळीचं कुंपण घातलेला जुना देवदार. दुसरा, लाकडी पूल. मग धबधबा. मग वनखात्याचं एका खोलीचं म्युझियम, त्यात पेंढा भरलेला बिबट्या. पाचवा सनसेट पॉइंट.

"वहाँ ज़्यादातर कोहरा रहता है," नेगी प्रामाणिकपणे म्हणाले. "और म्यूज़ियम के तेंदुए का एक कान नहीं है."

सहाव्या नंबरवर मोनाल चौक. तिथे मेस्त्रींचं स्केच छापलेलं होतं, पसरलेल्या पंखांसकट.

मग त्यांनी सगळं सांगितलं. गावावरून मोठा रस्ता जातो. गाड्या भरभरून वरच्या प्रसिद्ध हिल स्टेशनला जातात. या गावात थांबत कुणी नाही. चौकात बायका विणलेले मोजे-टोप्या घेऊन बसतात, चहाची तीन दुकानं आहेत. गाडी दहा मिनिटं थांबली तरी त्यांचा दिवस चालतो. पंचायतीतल्या बऱ्याच जणांना सिमेंटची कमान हवी होती, दोन्ही बाजूंना नावं कोरलेली. नेगींनी भांडून पक्षी मंजूर करून घेतला होता. "मैंने कहा था, गेट के नीचे से गाड़ी निकल जाती है. पक्षी के सामने रुकेगी."

आता पक्षी आला नाही तर कमान होणार होती. आणि नेगींना ते लोक आयुष्यभर ऐकवणार होते.

 रूपालीने टेबलफॅन नेगींकडे वळवला. शेवटी मेस्त्री म्हणाले, "पंख मिटून उभा करू शकतो. पण मग तो नुसता उभा राहील. खांबासारखा. त्याला कोण बघणार?"

रूपालीने हे हिंदीत सांगितलं. नेगी म्हणाले, "सच बताऊँ? पंख फैलाए हुए तो हमने भी कम ही देखा है. उड़ता है तो एक सेकंड में नीचे घाटी में. हम जो रोज़ देखते हैं, वो तो खोदता है."

"खोदता है?" मेस्त्री म्हणाले.

"आलू के खेत में. बर्फ में भी. दिन भर."

आणि हे गृहस्थ, एका गावचे अधिकारी, शेडच्या मातीने भरलेल्या जमिनीवर उकिडवे बसले. हात मागे घेऊन पाठीवर धरले, मान खाली घातली, नाक जमिनीपर्यंत नेलं आणि झटका देऊन डोकं बाजूला फेकलं. पुन्हा खाली. पुन्हा झटका. मध्येच थांबून मान तिरकी करून एका डोळ्याने आमच्याकडे बघितलं, कुणी येतंय का अशी चाहूल घेतल्यासारखं. नंतर पुन्हा खोदायला लागले.

कारखान्यातली माणसं हातातलं काम सोडून बघत होती. कुणी हसलं नाही, कारण ते हुबेहूब होतं. मी मोनाल कधी बघितलेला नाही, तरी मला कळलं की तो असाच असणार.

मेस्त्रींचा चेहरा मात्र पडला. "ही कोंबडी झाली," ते मला हळूच म्हणाले.

नेगींनी खालूनच विचारलं, "क्या बोले?"

रूपालीने लाजत सांगितलं, "मुर्गी."

"रिश्तेदार तो है," नेगी म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

मेस्त्री चहाला म्हणून बाहेर गेले. मी त्यांच्या मागे गेले नाही. चाळीस वर्षं ज्याने देवाचे हात वर उचललेले घडवले, त्याला मान खाली घातलेला पक्षी कर म्हणून सांगायला इंजिनिअरची जीभ रेटत नाही. मी नेगींना पायाचे फोटो दाखवायला सांगितले आणि बोल्टमधली अंतरं लिहून घेत बसले.

पंधरा मिनिटांनी मेस्त्री आले. सरळ मातीच्या पिंपाकडे गेले, नारळाएवढा गोळा काढला, स्टूल नेगींच्या समोर ओढलं.

"फिर से करो," ते म्हणाले.

नेगी पुन्हा बसले.

"रुको. वैसाच रुको. पीछे का ऊपर जाता है क्या?"

"हाँ, पूँछ की तरफ़ से ऊँचा."

"और आँख?"

"आँख हमेशा बाहर. डरता है ना."

मेस्त्रींची बोटं चालायला लागली. अर्ध्या तासात मातीचा वीतभर पक्षी स्टुलावर तयार झाला. मान खाली, चोच जमिनीत, पाठ उतरती, मिटलेल्या पंखांचे दोन पदर, आणि एक डोळा तुमच्याकडे. नेगींनी तो हातात घेतला आणि सगळीकडून फिरवून बघितला. मग एवढंच म्हणाले, "यही है."

मला त्यात वेगळीच गोष्ट दिसली. चोच जमिनीला टेकली होती. म्हणजे दोन पाय आणि तिसरी चोच. तीन ठिकाणी टेकलेली वस्तू कलंडायला फार कठीण. हवेत लोंबणारं काही उरलं नव्हतं. पाठ उतरती असल्यामुळे बर्फ साठून राहण्याऐवजी बराचसा घसरून जाणार होता. पायांना तेच आठ बोल्ट चालणार होते, फक्त चोचीखाली लहानसा नवा पाया लागणार होता. मी मेस्त्रींना म्हटलं, "तुम्ही मला तिसरा पाय दिलात."

"मी नाही, त्यांनी," ते नेगींकडे बोट दाखवून म्हणाले.

या वेळी काम उलट्या क्रमाने झालं. आधी आतला सांगाडा मी कागदावर काढला, मग त्याच्या मापाने माती चढली. रोज ऑफिसला जाण्याआधी मी लालबागला तासभर थांबायचे. वेल्डिंग माझ्यासमोर व्हायचं. मेस्त्री अधूनमधून कुरकुरायचे. "हा लोखंडी अँगल इथे मानेत येतो, मान जाड होते." मग आम्ही अर्ध्या इंचासाठी वाद घालायचो. कधी त्यांनी मान जाड केली, कधी मी अँगल बदलला. एकदा त्यांनी शेपटीखालचा एक आडवा अँगल मला न विचारता काढून टाकला होता. मी तो परत लावायला लावला. दोन दिवस आम्ही चहापुरतं बोललो.

एप्रिलमध्ये ठरलेलं उद्घाटन हुकलं. तिकडचा उन्हाळी सीझन निम्मा गेला. नेगींना पंचायतीत काय ऐकावं लागलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण मधल्या काळात त्यांचे फोन फार थोडक्यात असायचे. इकडे गणपतीच्या ऑर्डरी सुरू झाल्या होत्या आणि शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नव्हती. जूनच्या पहिल्या आठवड्यात पक्षी चार तुकड्यांत ट्रकवर चढला. हिरवी मान, तांब्याच्या रंगाचा खांदा, निळी पाठ, विटकरी शेपूट. मी सर्टिफिकेटवर सही केली. मेस्त्री जाऊ शकले नाहीत, सीझन होता. रूपाली गेली, दोन वेल्डर घेऊन. उभा केल्यावर तिने व्हिडिओ पाठवला. मागे काळपट हिरवे देवदार, पुढे चौक, आणि पहिल्याच तासात थांबलेल्या तीन गाड्या.

मग हिवाळा आला. मी रोज सकाळी फोनवर त्या गावचं हवामान बघायचे. घरच्यांना वाटायचं, फिरायला जायचा विचार आहे.

डिसेंबरअखेरीला तिकडे चांगला बर्फ पडला. दोन दिवस नेगींचा फोन लागेना. तिसऱ्या दिवशी त्यांचाच आला.

"मॅडम, पक्षी ठीक है. एकदम ठीक."

मी खुर्चीत मागे टेकले.

"लेकिन एक समस्या है."

रस्ता मोकळा करायला काढलेला बर्फ कामगारांनी पक्ष्याच्या मागे ढीग करून टाकला होता. ढीग शेपटीपर्यंत पोचला. गावातली मुलं त्या ढिगावरून पक्ष्याच्या पाठीवर चढत होती आणि उतरत्या पाठीवरून, मानेवरून घसरत थेट चोचीपाशी येत होती. शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत. वेग आवरायला तुरा धरत होती, त्यामुळे तुऱ्याची दोन पिसं वाकली होती. पंचायतीत आता काही जण म्हणत होते की पक्षी धोकादायक आहे, भोवती उंच जाळी घाला.

"आप लिखकर दीजिए, ख़तरा है या नहीं," नेगी म्हणाले. "मॅडम, बच्चों का लोड लिया था क्या?"

मी घेतला नव्हता. माझ्या ड्रॉइंगमध्ये पक्ष्याच्या पाठीवर कुणी बसेल असा एक शब्द नव्हता.

संध्याकाळपर्यंत मी पुन्हा हिशेब केला. बर्फाच्या मानाने मुलं हलकी असतात. पाठीवर एका वेळी बारा मुलं आरामात चालत होती. भीती होती ती तुऱ्याची. पिसं टोकदार होती, डोळ्याला लागली असती. मी तसंच लिहून दिलं. पाठ सुरक्षित, तुरा बदलावा, चोचीपाशी वाळू टाकावी, आणि ढिगात दगड येऊ देऊ नयेत. जाळीची गरज नाही.

मार्चमध्ये मेस्त्री स्वतः गेले, नवा तुरा घेऊन. मानेवर मागे चिकटून बसणारा, गोल टोकांचा. पाठीवरचा निळा रंग घासून गेलेला त्यांना फोटोत दिसला होता. तोही लावायला त्यांनी सोबत डबा नेला होता. आल्यावर मी विचारलं, रंग लावला का. म्हणाले, एकदा लावला. वाळायच्या आत दोन पोरं घसरून गेली, पँटी निळ्या करून. मग डबा नेगींकडे ठेवून आलो.

गावचं नवं पत्रक आता आलं आहे. त्यात मोनाल चौक पहिल्या नंबरवर आहे आणि फोटोत पक्षी जेमतेम दिसतो, कारण त्याच्यावर सगळी मुलंच आहेत.

त्या डिझाइनमध्ये मी वारा धरला होता, बर्फ धरला होता, भूकंपसुद्धा धरला होता. मुलं धरली नव्हती. आता धरते.